हाताने कातलेल्या पेनांसाठी किट कोणते घ्यावे आणि लाकूड कोणते निवडावे?

चिपळूणचा कातारी

नमस्कार. घरच्या लाकडी कामाच्या लेथवर मी आजवर लाटणी, रव्या, वाट्या आणि देवघराचे खांब कातत आलो आहे. आता पेन करायचे मनात आहे. बहिणीच्या शाळेतून येत्या उन्हाळ्यात काही शिक्षक निवृत्त होत आहेत आणि त्यांना प्रत्येकी एक हातचे पेन द्यावे, अशी तिची इच्छा आहे. ही पेने कपाटात ठेवण्यासाठी नसून रोज खिशाला लावून वापरण्यासाठी असावीत, एवढीच तिची अट आहे.

सरावासाठी मी सर्वांत स्वस्त मिळणारे, ज्याला स्लिमलाइन म्हणतात ते बारीक किट (पेनाचे धातूचे सुटे भाग आणि लाकडाच्या आत चिकटवायची पितळी नळी यांचा संच) मागवून फणसाच्या लाकडात काही पेने केली. इथे ती उत्तम राहिली आहेत. मात्र त्यांतले एक पेन नागपूरला एका नातेवाइकाकडे गेले आणि एप्रिलमध्ये त्याच्या वरच्या भागाला टोकापासून टोकापर्यंत उभी भेग पडली. क्लिपवरचा सोनेरी मुलामाही कडेने निघून आतला पांढरट धातू दिसू लागला आहे. ज्यांना पेने द्यायची आहेत, त्यांच्यापैकी निम्मे जण विदर्भातले असल्यामुळे ही गोष्ट मला सोडून देता येत नाही.

माझ्याकडे फणस, शिसव, आंबा आणि जुन्या घराच्या तुळईतून निघालेले सागवान आहे. किट कोणते घ्यावे, मुलामा कोणता टिकतो, यांपैकी कोणते लाकूड योग्य ठरेल, की लाकूड सोडून अ‍ॅक्रिलिककडे वळावे, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे. एकदोघांना शाईचे पेन हवे आहे, त्याबद्दलही सांगावे.

पितळी नळी

आपल्या प्रश्नाचा क्रम मी थोडा बदलतो, कारण पेनाची निवड लाकडापासून नव्हे तर रिफिलपासून सुरू व्हावी, असे माझे ठाम मत आहे. रोज वापरायच्या पेनातली रिफिल काही महिन्यांत संपते, आणि ज्या दिवशी ती संपते त्या दिवशी गावातल्या दुकानात दुसरी मिळाली नाही, तर इतक्या मेहनतीने कातलेले पेन खणात जाऊन पडते.

स्लिमलाइन किटमध्ये क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते. ती मोठ्या शहरांत सहज मिळते, पण तालुक्याच्या गावी दुकानदार बहुधा मान हलवतो. याउलट पार्कर पद्धतीची रिफिल, जिला आयएसओ मानकात जी २ असे नाव आहे, ती आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात असते. तिच्यात साधी बॉलपेनची शाईही मिळते आणि जेलही मिळते. म्हणून शिक्षकांना द्यायच्या पेनांसाठी पार्कर रिफिलचे किट घ्यावे, यात मला शंका वाटत नाही. त्यातही सिएरा नावाने ओळखले जाणारे किट मी सुचवेन. त्यात एकच पितळी नळी असते, त्यामुळे भोक एकदाच पाडायचे, एकच तुकडा कातायचा आणि वरच्या व खालच्या भागातील लाकडाच्या रेषा जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. सिगार नावाचे जाड किटही पार्कर रिफिलच घेते, परंतु त्यात दोन नळ्या आहेत आणि ते हातात बरेच वजनदार लागते. लहान पंजाच्या माणसाला ते दिवसभर लिहायला जड जाते.

स्लिमलाइनबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याची नळी बाहेरून ७ मिलिमीटर आणि टोकाचे बुशिंग (कातताना लाकडाचे अंतिम माप दाखवणारी धातूची कडी) सुमारे ८.४ मिलिमीटर असते, म्हणजे टोकाशी लाकडाची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर उरते. इतक्या पातळ लाकडाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. मधला भाग थोडा फुगीर ठेवला, तरी टोके पातळच राहतात आणि भेग नेहमी टोकाकडून सुरू होते.

मुलाम्याविषयी आपण जे पाहिले ते अपेक्षितच होते. स्वस्त किटवरचा २४ कॅरटचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि शुद्ध सोने मऊ असल्यामुळे बोटांचा घाम व खिशाच्या कापडाचे घर्षण यांपुढे तो टिकत नाही. सोनेरी रंगच हवा असेल तर टायटॅनियम गोल्ड या नावाने मिळणारे किट घ्यावे. त्यावर सोने नसून टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो आणि ड्रिल बिटांवर जो सोनेरी थर दिसतो तोच हा असल्यामुळे त्याच्या कठीणपणाची कल्पना येईल. पांढऱ्या रंगात क्रोम माफक किमतीत चांगले टिकते. ऱ्होडियम त्याहून उजळ आणि महाग असते. सराफ पांढऱ्या सोन्यावर तोच मुलामा देतात. माझ्या मते आपल्या कामासाठी क्रोम पुरेसे आहे, आणि वाचलेले पैसे चांगल्या रिफिलवर खर्च करावेत.

खरेदी करताना आणखी एक काळजी घ्यावी. एकाच नावाची किटे वेगवेगळे उत्पादक बनवतात आणि त्यांच्या नळ्यांची व बुशिंगची मापे अगदी सारखी नसतात. म्हणून सर्व किटे, बुशिंग आणि बदलीच्या चार-दोन जादा नळ्या एकाच विक्रेत्याकडून, एकाच वेळी मागवाव्यात.

वैदर्भीय सुतारकाम

मी अकोल्याचा असल्याने नागपुरात फाटलेल्या पेनाची गोष्ट मला चांगली समजते. त्यात फणसाच्या लाकडाचा दोष नाही आणि आपल्या हाताचाही नाही. तो दोन हवामानांमधल्या फरकाचा परिणाम आहे, आणि तो आधीच ओळखून काम केले तर टाळता येतो.

लाकूड आसपासच्या हवेतील ओलाव्याशी सतत देवाणघेवाण करत असते. हवा साधारण ३० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, म्हणजे कोकणातला जुलै-ऑगस्ट, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १७ ते १८ टक्के पाणी टिकून राहते. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, म्हणजे आमच्याकडची एप्रिल-मे महिन्यांतली दुपार, तर हेच प्रमाण ४ ते ५ टक्क्यांवर येते. हे पाणी जाताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या दिशेने आकसते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने ते वलयांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. सागवान हे सर्वांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक मानले जाते. तरीही १२ मिलिमीटर जाडीच्या पेनाचा परीघ या फरकामुळे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक कमी व्हायला हवा. आत चिकटवलेली पितळी नळी मात्र तसूभरही आकसत नाही. लाकडाला आत सरकायला जागा नसते, म्हणून ते रेषेच्या दिशेने उभे फाटते. चिपळुणात पावसाळ्यात कातलेले कोणतेही पेन इकडे उन्हाळ्यात याच परीक्षेला बसणार आहे.

जुन्या तुळईतले सागवान पन्नास-साठ वर्षे मुरलेले आहे म्हणून ते पूर्ण वाळलेले असणार, असे अनेकांना वाटते. ते लाकूड स्थिर झालेले असते हे खरे आणि त्यातले ताण निघून गेलेले असतात हेही खरे, पण ज्या घरात ते आहे त्या घरातल्या हवेपेक्षा ते अधिक कोरडे कधीच नसते. चिपळूणच्या ऑगस्टमध्ये त्यात चिपळूणच्या ऑगस्टचाच ओलावा असतो.

यावर मी जो मार्ग वापरतो तो असा. लाकूड आधी २२ मिलिमीटरच्या चौकोनी पट्ट्यांत कापावे आणि लांबी १३० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. हवेत वाळवायचे असेल तर टोकांना मेण लावून, मध्ये काड्या घालून रचावे. काम हाती घेण्याआधी काही आठवडे या पट्ट्या एका लाकडी पेटीत ठेवून आत ४० वॅटचा साधा बल्ब लावून ठेवावा आणि पेटीला वर-खाली हवेसाठी भोके ठेवावीत. एक पट्टी नमुना म्हणून निवडून तिचे वजन ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला करावे. वजन उतरायचे थांबले की लाकूड पेटीतल्या हवेशी जुळले असे समजावे. किती टक्के ओलावा उरला हे नेमके पाहायचे असेल, तर त्याच लाकडाचा छोटा तुकडा ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा आणि उतरलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागावे. विदर्भात जाणाऱ्या पेनांसाठी ६ ते ८ टक्क्यांच्या वर ओलावा असलेले लाकूड मी वापरत नाही. थोड्या अधिक कोरड्या लाकडात केलेले पेन कोकणात किंचित फुगेल, पण फुगण्याने पेन फाटत नाही; बोटाला मुलामा आणि लाकूड यांच्या सांध्यावर अगदी पुसट पायरी जाणवेल, एवढेच.

भोक पाडल्यावर नळी लगेच चिकटवू नये. पट्टी आतून उघडी पडल्यामुळे ती पुन्हा थोडी वाळते आणि हलते, म्हणून तिला तशीच दोन-तीन दिवस त्याच पेटीत ठेवावे. नळी चिकटवण्यासाठी झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेटऐवजी एपॉक्सी किंवा पॉलीयुरेथेन वापरावे, कारण पहिले वाळल्यावर ठिसूळ होते आणि दुसरी दोन्ही थोडीफार साथ देतात. शेवटच्या पॉलिशच्या वेळी लाकडाच्या दोन्ही टोकांच्या उघड्या पृष्ठभागालाही पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट लावावे. पेनाची बाजू आरशासारखी चकचकीत करून टोके कोरडी सोडली, तर ओलावा तिथूनच ये-जा करतो.

आपल्याकडच्या लाकडांपैकी सागवान आणि शिसव या कामासाठी पहिली पसंती ठरावीत. फणसाचा पिवळा रंग सुंदर असला तरी उजेडात तो हळूहळू तपकिरी होतो, हे भेट देताना सांगून ठेवावे. आंबा साधा असेल तर मला त्यात विशेष काही दिसत नाही, परंतु बुरशीने काळ्या रेषा उमटलेला आंब्याचा तुकडा मिळाला तर तो जपून ठेवावा. तसे लाकूड मऊ झालेले असते. ते पूर्ण वाळवून निर्वात भांड्यात राळेने भरून घेतले आणि सुमारे ९० अंशांवर ती राळ पक्की केली, की दगडासारखे कातता येते आणि हवामानाचा परिणामही पुष्कळ कमी होतो. सागवान-शिसव तेलकट व घट्ट असल्याने त्यांत राळ शिरत नाही, त्यामुळे त्यांच्यावर तो खर्च करू नये.

वखारीची वाट

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, फक्त शिसवीबद्दल तीन गोष्टी जोडतो. तिच्या तेलकटपणामुळे चिकटवण्याआधी भोकातून आणि पॉलिश करण्याआधी पृष्ठभागावरून अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून लगेच पुढचे काम करावे, अन्यथा काही महिन्यांनी थर सुटतो. तिचा बारीक भुसा अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, म्हणून पॉलिश पेपर लावताना साधा रुमाल नव्हे तर योग्य मास्क वापरावा. आणि यांतले एखादे पेन परदेशी असलेल्या मुला-नातवंडांकडे टपालाने जाणार असेल तर तिथे शिसव टाळावी. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीची जवळजवळ संपूर्ण प्रजाती (डाल्बर्जिया) साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि अशा वस्तूंवर सीमाशुल्क अधिकारी कागदपत्रे मागू शकतात. रक्तचंदनाचे तुकडे कोणी स्वस्तात देऊ केले, तर कागदपत्रांशिवाय ते अजिबात घेऊ नयेत.

जुन्या तुळईचे तुकडे करण्याआधी त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवावे. आत मोडून राहिलेला खिळा ड्रिल बिटाला आणि पटाशीला एकाच वेळी संपवतो. सागवानात मुळातच सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते, तेव्हा पटाशीला मधूनमधून धार लावत राहणे आलेच.

शाईप्रेमी

अ‍ॅक्रिलिक आणि शाईचे पेन या दोन मुद्द्यांवर लिहितो.

अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीला हवेच्या ओलाव्याची चिंता नसते आणि रंगांना मर्यादा नसते, हे तिचे मोठे गुण आहेत. मात्र भोक पाडताना ती तापते, वितळते आणि बिटाला चिकटून फुटते. म्हणून वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा, बिट वारंवार बाहेर काढून कीस झाडावा आणि पट्टी नळीपेक्षा एखादा सेंटिमीटर लांब ठेवून आरपार भोक न पाडता मग जादा टोक कापून टाकावे, म्हणजे दुसऱ्या तोंडाला टवका उडत नाही. पट्टी थोडीही पारदर्शक असेल तर आतली पितळ दिसते. त्यासाठी भोकाला आतून आणि नळीला बाहेरून रंग द्यावा लागतो. इतके सगळे करूनही निवृत्त शिक्षकाच्या हातात शिसवीचे किंवा सागवानाचे पेन जितके शोभेल तितके अ‍ॅक्रिलिकचे शोभणार नाही, असे मला वाटते, विशेषतः ते लाकूड आपल्याच जुन्या घराचे असेल तेव्हा.

शाईच्या पेनाच्या किटमध्ये धातूकामापेक्षा निब अधिक महत्त्वाची असते, आणि बहुतेक किटांबरोबर येणारी निब सामान्य असते. किट घेताना त्याची निब ५ क्रमांकाची आहे की ६ क्रमांकाची, आणि ती ओढून बदलता येते का, हे आधी विचारून घ्यावे. तसे असेल तर पुढे योवो किंवा बॉक या जर्मन उत्पादकांची निब बसवून त्याच पेनाचे लेखन पूर्ण पालटता येते. शाई भरण्यासाठी आंतरराष्ट्रीय मापाचे कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी) चालेल असेच किट निवडावे. टोपण आट्यांनी बसणारे असावे, कारण दाबून बसणारे टोपण सैल झाले की निब वाळते. लाकडी पेनात नळीमध्ये थेट शाई भरण्याचा विचार मनात आणू नये, कारण शाई पितळेला गंज आणते.

खरे सांगायचे तर शाईच्या पेनासाठी एबोनाइट हे माझे आवडते द्रव्य आहे. रबरात भरपूर गंधक मिसळून ते उष्णतेने कठीण केले की एबोनाइट तयार होते. कातताना गंधकाचा वास येतो, पण धारदार हत्याराखाली ते लोण्यासारखे कापले जाते, ओलाव्याने हलत नाही आणि नुसत्या बारीक कागदाने व कापडाने त्याला खोल चमक येते. त्याला नळीही लागत नाही आणि किटही लागत नाही. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेने घडवली ती अशाच परंपरेतून, आणि त्यांच्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिले होते. परंतु किटशिवाय पेन करायचे तर टोपणासाठी तीन सुरुवातींचे आटे (शेजारी शेजारी तीन आटे, म्हणजे टोपण थोड्या फिरवण्यात बसते) पाडणारी टॅप आणि डाय ही हत्यारे लागतात, त्यांची किंमत बरीच असते आणि आटे पाडायचा हात बसायला वेळ लागतो. येत्या उन्हाळ्याची मुदत पाहता ज्यांना शाईचे पेन हवे आहे त्यांच्यासाठी किटचेच करावे. त्यांनाही लाकडी पेनच द्यायचे असेल तर टोपणाच्या लाकडाची जाडी तपासून घ्यावी, कारण या किटांत टोपणाची नळी सर्वांत रुंद असते आणि लाकूड तिथेच पातळ होते.

चिपळूणचा कातारी

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सिएरा किट, क्रोमचा मुलामा आणि तुळईचे सागवान असे मी ठरवत आहे. शाईच्या पेनांसाठी शिसव ठेवेन. बल्बची पेटी या आठवड्यातच करायला घेतो. दोन शंका उरल्या आहेत. या किटला २७/६४ इंचाचे बिट लागते असे वाचले, पण इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत ते माप मिळत नाही. दुसरे असे की माझ्या सरावाच्या पेनांत लाकूड एका बाजूला बुशिंगशी अगदी बरोबर जुळते आणि विरुद्ध बाजूला किंचित वर राहते. हे कशामुळे होत असावे?

पितळी नळी

२७/६४ इंच म्हणजे १०.७२ मिलिमीटर. दशांशाच्या टप्प्यांनी मिळणाऱ्या बिटांत १०.७ मिलिमीटरचे बिट असते आणि ते चालते. चिपळुणात नसेल तर पुण्या-मुंबईच्या हत्यारांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळेल. तरीही किट हातात आल्यावर नळी व्हर्नियरने मोजावी आणि टाकाऊ तुकड्यात भोक पाडून पाहावे. नळी हाताने, जोर न लावता आत जावी आणि तिच्याभोवती गोंदासाठी केसभर जागा उरावी. ती ठोकून बसवावी लागत असेल तर लाकूड आधीपासूनच ताणाखाली राहते आणि वर सांगितलेली भेग आपण स्वतःच आमंत्रित करतो. गोंद नळीत शिरू नये म्हणून चिकटवण्याआधी नळीचे टोक कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबावे; ती बुचासारखी बसते आणि नंतर काडीने ढकलून काढता येते.

एका बाजूला लाकूड वर राहण्याची दोन कारणे असतात. बहुधा मँड्रेलची, म्हणजे तुकडा ज्यावर ओवून कातायचा त्या बारीक दांड्याची, चकती किंवा लेथचा मागचा आधार असलेला टेलस्टॉक गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, त्यामुळे बारीक मँड्रेल मध्ये वाकतो आणि तुकडा गोल न होता एकीकडे सरकतो. बोटांनी आवळावे आणि तुकडा घसरू लागला तरच थोडे वाढवावे. दुसरे कारण म्हणजे नळीच्या टोकाशी लाकूड काटकोनात कापलेले नसणे. बॅरल ट्रिमरने (नळीत दांडा घालून टोक काटकोनात कापणाऱ्या कटरने) टोके सपाट करावीत आणि पितळ चमकताच थांबावे. पितळच कापली गेली तर नळी आखूड होते आणि रिफिलचे टोक आत जाईनासे होते. ही दोन्ही कारणे दूर करूनही फरक राहिला तर मँड्रेल बाजूला ठेवून ६० अंशांच्या दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये), त्यासाठी मिळणाऱ्या वेगळ्या बुशिंगवर कातावे. आपल्या लेथचा टेपर (सेंटर ज्यात बसते त्या निमुळत्या भोकाचे माप) एमटी १ आहे की एमटी २, हे पाहून त्या मापाचे सेंटर मागवावे.

किटे मागवताना शिक्षकांच्या संख्येपेक्षा दोन अधिक घ्यावीत आणि पहिले तयार झालेले पेन देऊन न टाकता बल्बच्या त्याच पेटीत महिनाभर ठेवावे. ते तिथे टिकले, तर बाकीची कातायला घ्यावीत.